हिंगाची डबी

पन्नास ग्रॅमवाली पिवळी डबी, झाकण घट्ट बसणारी.
धुतली, दोन दिवस उन्हात टाकली, वास गेला नाही.
राहू दे म्हटलं,
कटल्याला हिंग आवडतो.

मी घड्याळजी. मोती चौकातून खाली उतरलात की
झेरॉक्सला लागून साडेचार फुटांचं दुकान.
मोबाईल आल्यापासून लोक फक्त सेल बदलायला येतात.
मग ही पाठपिशवीवाली पोरं यायला लागली:
अत्तारचाचा, तुमचा हात बारीक कामाचा,
रानात अडलंनडलं तर मासा धरता येईल
असं काहीतरी मुठीत मावेल एवढं करून द्या.

तर ऐक, शलाका, काय काय घातलंय.
तंगूस बारा वाव.
वाव म्हणजे दोन्ही हात पसरून होतं ते माप,
या दुकानात एक कोपर भिंतीला लागतं, दुसरं गिऱ्हाइकाला,
म्हणून रस्त्यावर जाऊन मोजला.
झेरॉक्सवाला म्हणाला, चाचा, मिठी कुणाला मारताय?
शिलाई मशीनच्या बॉबिनवर गुंडाळलाय,
टोक मेणानं चिकटवलंय, हिसकू नको.
गळ सहा. चार बारके, दोन मरळीसाठी.
टोकं बुचात खुपसलीत,
अंधारात डबीत बोट घालणारी तुमची जात मला माहीत आहे.
शिसं टायरवाल्याकडचं. दातानं दाबायचं नाही, दगडानं दाब.
तरंगायला चिपाडाचा भेंड.
अर्धं ब्लेड. दोन सेफ्टी पिना.
आणि गाठ आवळायच्या आधी तिला थुंकी लाव,
कोरडी गाठ स्वतःच्याच घासण्यानं जळते.
(आमच्या घरातली दोन भांडणं अशीच गेली.)

उरलेल्या जागेत चमचा.
पाण्यात लकाकतो, मोठ्या माशाला वाटतं मासोळी पळतेय.
बाजारात दीडशेला मिळतो. मी केलाय
एका मनगटी घड्याळाच्या मागच्या झाकणाचा,
कडेला भोक पाडून.

ते घड्याळ अब्बांच्या खणातलं.
दुरुस्त होऊन पडलेलं, न्यायला कुणी आलंच नाही.
पावतीवर शाई फुटलीय. नाव गोविंद की गोपाळ,
गाव तर पुरतं गेलं,
तालुका जावली, साल एकसष्ट, एवढं लागतं.
त्यानंतर त्या खोऱ्यात पाणी चढत गेलं,
माणसं ट्रकात बसून कुठल्या कुठल्या जिल्ह्यांत.
अब्बा दर दिवाळीला खण आवरताना त्याला चावी द्यायचे,
कानाशी धरायचे,
परत ठेवून द्यायचे.

तू मे महिन्यात चाललीस, तापोळ्याच्या पुढं.
पाणी उतरलेलं असेल.
मासा लागला नाही तर डबीवर राग काढू नको.
दुपारी मासा खाली बसतो, तूही बस.

अकरा दिवसांनी आली. नाकाचं कातडं सोललेलं.
डबी काउंटरवर ठेवली. तीन वाव तंगूस उरलेला.
मासा?
एक. करंगळीएवढा. सोडला.
बाकी तंगुसानं बुटाचा तळ शिवला, घरापर्यंत टिकला.
आणि चाचा, तो चमचा गेला.
संध्याकाळी खाली कशाला तरी अडकला.
खडक नव्हता, हाताला कड सरळ लागत होती, जोत्यासारखी.
इकडून ओढला, तिकडून ओढला, मग कापला.
किती द्यायचे त्याचे?

मी खण उघडला. पावती काढली.
'माल मिळाला' याच्यापुढची रेघ कोरी होती.
पेन वाळलेलं, दोनदा झटकलं,
रेघेवर आजची तारीख घातली.

सव्वा रुपया, मी म्हटलं. पावतीवर तेवढाच लिहिलाय.
तिच्याकडे सुट्टे नव्हते.